माझं स्टिकर लावलेला काटा

“एवढ्या पैशांत वर्षभर काटा सांभाळशील का, बोल,” असं म्हणत शेठनी दुसऱ्या एकाचं कोटेशन माझ्यापुढे सरकवलं.

मी आकडा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. माझ्या रेटच्या निम्म्याहूनही कमी होता.

“शेठ, यात स्टॅम्पिंगची फीसुद्धा निघत नाही.”

“ते त्याचं तो बघेल. तू तुझं बोल.”

शेठ गुजरातीत बोलत होते आणि मीही गुजरातीतच. सुरतेत आयुष्य काढलं की भाव करताना तोंडात आपोआप गुजराती येतं, डोकं फिरलं की मराठी आणि घरी गेलं की अहिराणी. इथं सगळं मराठीत लिहितोय. अहिराणी तेवढी तशीच ठेवतो, तिची चव दुसऱ्या भाषेत उतरत नाही.

माझा धंदा वजनकाट्यांच्या रिपेअरिंगचा. आमच्या धुळ्याकडची माणसं सुरतेच्या पांडेसऱ्यात आली ती डाइंगच्या मिलमध्ये राबायला. मीही आधी मिलमध्येच होतो. रंगाच्या वाफेनं छाती धरायला लागली, तेव्हा एका काट्याच्या दुकानात लागलो, काम शिकलो आणि पुढे स्वतःचं लायसन्स काढलं. हल्लीचे काटे इलेक्ट्रॉनिक असतात. वर पत्र्याचा प्लॅटफॉर्म, खाली लोड सेल. लोड सेल म्हणजे धातूचा एक ठोकळा, त्याच्यावर भार आला की त्याला तो जाणवतो. त्याला जाणवलेलं आकड्यांत दाखवणारा डबा म्हणजे इंडिकेटर. बाकी काट्यात फार काही नसतं.

दरवर्षी हा काटा तोलमाप खात्याकडून तपासून घ्यावा लागतो. त्याला आम्ही स्टॅम्पिंग म्हणतो. अधिकारी प्रमाणित वजनं ठेवून बघतात, आकडा बरोबर आला की सील लावतात. त्याची सरकारी फी असते. त्याआधी काटा साफ करून जुळवून ठेवणं आणि वर्षभरात कधीही बिघडला तर हातातलं जेवण सोडून धावणं, हे माझं काम. काम झालं की इंडिकेटरच्या बाजूला माझं स्टिकर लावतो. नाव, फोन नंबर, लायसन्स नंबर. वर्षभर तो काटा माझ्या नावावर.

शेठचं गोडाऊन चिंदीचं. मिलमधून कापडाचे उरलेले तुकडे गाड्या भरून येतात. आमच्याकडच्या बायका जमिनीवर बसून ते निवडतात. सुती वेगळं, पॉलिस्टर वेगळं, पांढरं वेगळं, रंगीत वेगळं. संध्याकाळी प्रत्येकीचं गाठोडं काट्यावर चढतं आणि किलोप्रमाणे मजुरी मिळते. शेठ माल विकतात तोही याच काट्यावर मोजून. म्हणजे सगळ्या गोडाऊनची भाकरी त्या एका पत्र्यावर.

तिथं माझी एक सवय होती. टेस्टची वजनं ठेवून काटा तपासला की शेवटी मी स्वतः वर उभा राहायचो आणि आकडा मोठ्यानं वाचायचो. “बहात्तर!” सुरुवातीला एका बाईनं विचारलं होतं की तुमचं हे लोखंड खरं कशावरून. तिचं बरोबर होतं. लोखंडावर काय कोरलंय ते तिला कुठं वाचता येत होतं? म्हणून मीच वर चढलो. माझं वजन वर्षानुवर्षं हललेलं नाही, बायको त्याला माझा हेकटपणा म्हणते. पुढे तो खेळच झाला. मी वर चढलो की बायका आधीच ओरडायच्या, बहात्तर. आकडा तसाच आला की हसायच्या आणि कामाला लागायच्या. मला सगळ्या काटावाला भाऊ म्हणायच्या.

तर, कोटेशन.

घरी येऊन मी हिशेब मांडला, नफा सोडला, पेट्रोल सोडलं. दुसऱ्या दिवशी जाऊन म्हणालो, “शेठ, त्याच्याच रेटमध्ये करतो. इतक्या वर्षांचा संबंध आहे.”

मला वाटलं, शेठ खूश होतील. त्यांनी मुनीमाकडे पाहिलं, मुनीमानं खाली पाहिलं.

“राहू दे आता,” शेठ म्हणाले. “त्याला हो म्हटलंय.”

“शेठ, रेट तोच आहे.”

“हो, पण आता बोलून गेलोय.”

मी शेठच्या ऑफिसचा जिना उतरलो. भावानं हरलो असतो तर समजलो असतो. भाव सारखा करूनही हरलो, हे डोक्यात शिरेना. पुढच्या काही आठवड्यांत त्याच गल्लीतली आणखी गोडाऊनं गेली. सगळ्यांचं एकच, तुझा रेट परवडत नाही. आणि मी रेट उतरवला की, आता बोलून गेलोय.

तो नवा सर्व्हिसवाला मला एकदा चहाच्या गाडीवर भेटला. इस्त्रीचा शर्ट, छापील कार्ड, बोलणं गोड.

“दादा, या रेटमध्ये तुम्हाला परवडतं कसं?” मी सरळ विचारलं. मला खरंच शिकायचं होतं.

तो हसला. “काका, तुम्ही सर्व्हिस विकता. मी रिझल्ट विकतो.”

मला वाटलं, मार्केटिंगवाल्यांची भाषा असेल. चहाचे पैसे त्यानंच दिले.

काही महिने असेच गेले. शेवटचा प्रयत्न म्हणून मी शेठच्या गोडाऊनवर पुन्हा गेलो. दुपारची वेळ होती आणि शेठ बाहेर गेले होते. बायका डबे सोडून बसल्या होत्या. त्यांत आमची सिंधूवहिनीही होती, माझ्या चुलतभावाची बायको. मिलमध्ये भावाची पाठ कायमची गेली, तेव्हापासून तिच्या निवडण्यावरच त्यांचं घर चालतं. एरवी ती पहिली हाक मारते. त्या दिवशी नुसती मान हलवली.

दुसरीच एक म्हणाली, “भाऊ, काटावर उभा ऱ्हा ना.”

मी चढलो. बायका ओरडल्या, बहात्तर. मी आकड्याकडे पाहिलं.

सहासष्ट.

उतरलो, पुन्हा चढलो. सहासष्ट. हसणं थांबलं. “भाऊ, घरवाली जेवाले देस नही का?” कुणीतरी म्हणालं, पण आवाजात गंमत नव्हती. वहिनी तोंडातला घास तसाच ठेवून माझ्याकडे बघत होती. मुनीम टेबलाशी बसून चाव्यांचा जुडगा बोटावर फिरवत होता. तो म्हणाला, “वय झालं, काका. होतं असं.”

माझ्या वडलांना शुगर होती. त्यांचंही असंच झालं होतं, आधी वजन उतरलं, मग डोळे गेले, मग पाय. मी मोपेडवर बसलो आणि घरापर्यंतचा रस्ता कसा कापला ते मला आठवत नाही. बायकोला सांगितलं तर ती रडलीच. मग डोळे पुसून तिनं शिऱ्याला तूप घातलं. शुगरच्या संशयितावर हा तिचा इलाज. आणि शुगरच्या संशयितानं तो वाटीभर खाल्ला.

आता यातली खरी गंमत बघा. ज्या माणसानं उभा जन्म काटे उघडले, बिघडलेले काटे पाहिले, खोटे काटे पाहिले, त्याच्या मनात एकदाही आलं नाही की काटा चुकला असेल. का? कारण त्या काट्यावर अजून माझंच स्टिकर होतं. मी माझं शरीर खोटं धरलं, काटा खरा.

डॉक्टरांकडे गेलो. आमच्या सोसायटीच्या नाक्यावरचे, जुने ओळखीचे. त्यांनी रक्त तपासायला दिलं आणि वजन घेतलं.

“बहात्तर.”

“डॉक्टर, तुमचा काटा बिघडलाय.”

“अहो, गेल्या महिन्यात नवा घेतलाय.”

“नवे पण बिघडतात. थांबा.” मी मोपेडच्या डिकीतून स्क्रू-ड्रायव्हर आणला. बाहेर पेशंट खोळंबले होते. मी जमिनीवर बसून डॉक्टरांचा काटा उघडला, लोड सेल पाहिला, वायरी पाहिल्या. सगळं जागच्या जागी. पुन्हा बंद केला, वर उभा राहिलो. बहात्तर.

“रिपोर्ट उद्या येईल,” डॉक्टर म्हणाले, “पण मला तुमची शुगर दिसत नाही. तुमचं डोकं तपासायला हवं.”

रिपोर्ट नॉर्मल आला. बायकोनं देवापुढे साखर ठेवली. मी मात्र पलंगावर बसून हिशेब लावत राहिलो. मी ठीक होतो, डॉक्टरांचा काटा ठीक होता. उरला एक. आणि त्या एका काट्यावर रोज संध्याकाळी बायकांची गाठोडी चढत होती.

मी तसाच उठून वहिनीकडे गेलो. ती भाकरी थापत होती. भाऊ खाटेवर पडून मोबाईल बघत होता. मी विचारलं, काम कसं चाललंय. तिनं भाकरी तव्यावर टाकली. भाऊच म्हणाला, “ती काम सोडायचं म्हणतेय. मुनीम म्हणाला, बाई, तुमचे हात मंदावले, घरी बसा.”

“आते हात चालतस नही, भाऊ,” वहिनी तव्याकडे बघत म्हणाली. “पयलेगत काम व्हस नही. सकायले लवकर जास, दुपारले जेवाले पण उठत नही, तरी गाठोडं भरस नही.” तिनं हात पुढे केले. मनगटांना कसलंसं तेल चोळलेलं होतं, त्याचा उग्र वास आला. गावाकडून मागवलं होतं म्हणे. “महिनाभर आजून पाहस. नही तं गावले जासूत.”

“वहिनी, गाठोडं तेवढंच दिसतं का? डोळ्यांना?”

“डोयाले तं तेवढंच दिसस. पन काटावर कमी भरस.”

“मग काटा खोटा असेल असं नाही वाटलं?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी अभद्र बोललो.

“काटा कसा खोटा ऱ्हाई, भाऊ? तेवर तुमनं नाव शे.”

मी भिंतीला टेकलो. माझं काम सुटल्याचं त्या बायकांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण? शेठना गरज नव्हती, आणि नव्या सर्व्हिसवाल्यानं स्वतःचं स्टिकर लावलंच नव्हतं. माझं ठेवलं होतं. मला त्या दुपारी ती त्याची आळशी चूक वाटली होती. आता कळलं की त्याच्या सगळ्या कामातली तीच एक गोष्ट त्यानं विचार करून केली होती. बायकांनी आवाज करू नये म्हणून माझं नाव तिथं चिकटवून ठेवलेलं होतं. राग नंतर आला. आधी फक्त धक्का बसला.

तिला मी काही बोललो नाही. तपासल्याशिवाय बोलायचं नाही, ही आमच्या धंद्याची शिस्त.

दुसऱ्या दिवशी वजन करायच्या वेळेला गोडाऊनवर पोचलो. मोपेडवर पुढे वीस-वीस किलोची चार वजनं. खात्याकडून तपासलेली, माझी रोजीरोटीची वजनं. बायका गाठोडी घेऊन रांगेत होत्या. शेठ खुर्चीवर, मुनीम टेबलाशी.

“शेठ, माझं स्टिकर काढायला आलोय.”

“मग काढ ना. विचारायचं काय त्यात?”

“काढण्याआधी एकदा तपासून घेतो. माझ्या नावानं काटा चुकीचा होता असं उद्या कुणी म्हणायला नको.”

“त्याची काही गरज नाही.”

“दोन मिनिटांचं काम आहे,” म्हणेपर्यंत मी पहिलं वजन ठेवलं होतं. शेठ उठून उभे राहिले. दुसरं ठेवलं. तिसरं. चौथं. चार विसा ऐंशी, एवढा हिशेब रांगेतल्या सगळ्या बायकांना येत होता.

इंडिकेटरवर आकडा आला, त्र्याहत्तर आणि वर थोडे ग्रॅम.

मी मोठ्यानं वाचला. सवयीनं.

“तुझी वजनं झिजली असतील,” मुनीम म्हणाला. त्याचा एक हात टेबलाखाली होता.

आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आकडा बदलला. त्र्याहत्तरचे ऐंशी झाले. बरोबर ऐंशी, पुढे शून्य शून्य. वजनं जागची हलली नव्हती. मी चार पावलं मागे उभा होतो. काट्याला कुणाचाही हात लागलेला नव्हता.

मी आजवर खोटे काटे खूप पाहिले. प्लॅटफॉर्मखाली चुंबक लावलेले, पत्र्याला गूळ चिकटवलेले. पण आपोआप खरा होणारा काटा मी पहिल्यांदाच पाहत होतो. तेव्हा माझं लक्ष मुनीमाच्या हाताकडे गेलं. तो चाव्यांचा जुडगा. त्यात गाडीच्या रिमोटसारखं एक काळं बटण. मुनीम येतो सायकलवर. सायकलला रिमोट कशाला, हे मला त्या दुपारी सुचायला हवं होतं, पण त्या दुपारी मी माझ्या शुगरमध्ये होतो.

सरकारी सील शाबूत होतं. सील न तोडता डब्यात एक बारकी चीप बसवली होती, ते पुढे काटा उघडल्यावर कळलं. बटण एकदा दाबलं की काटा कमी तोलणार, बायकांसाठी. पुन्हा दाबलं की बरोबर, विकायच्या मालासाठी. रिझल्ट म्हणतात तो हा. घाबरून मुनीमानं बटण दाबलं नसतं, तर माझी वजनं झिजली असंच ठरलं असतं.

रांगेत सगळ्यात पुढे सिंधूवहिनी होती. तिनं डोक्यावरचं गाठोडं हळूच खाली ठेवलं. आकड्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे, उलटसुलट करून.

“मंग मी म्हतारी नही व्हयनी,” ती म्हणाली.

कुणाला उद्देशून म्हणाली नाही. आवाजही मोठा नव्हता. पण मागच्या एकीनं तोंडाला पदर लावला, आणि मग सगळ्या बायका, एकेक करून, आपापली गाठोडी खाली ठेवून त्यांच्यावर बसल्या. कुणी घोषणा दिली नाही की शिवी दिली नाही. नुसत्या बसल्या. शेठ “अरे, अरे” म्हणत राहिले. मी खाली वाकून माझं स्टिकर खरवडायला लागलो. नखानं अर्धं निघालं, अर्धं तिथंच राहिलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. मी तोलमाप खात्यात अर्ज दिला. अधिकारी आले, काटा उघडला, चीप काढली आणि काटा जप्त करून घेऊन गेले. शेठ म्हणाले, मला काही माहीत नव्हतं, सगळं मुनीमानं केलं. मुनीम म्हणाला, सगळं सर्व्हिसवाल्यानं केलं. सर्व्हिसवाल्याचा फोन बंद. यातलं खरं किती, ते तोलायला माझ्याकडे वजनं नाहीत. मुनीमाची नोकरी गेली. बायकांना भरपाई म्हणून शेठनी काहीतरी दिलं, पण ते पुरेसं होतं का, हे कुणालाच सांगता येईना. खरं वजन कधी झालंच नव्हतं, तर बुडालं किती ते कसं कळणार?

त्या आठवड्यात गल्लीतल्या बाकीच्या गोडाऊनवाल्यांचे फोन आले. कुणालाच अचानक माझा रेट जड वाटेना. “एकदा येऊन बघून जा, लवकर ये,” एवढंच सगळे म्हणत होते. मी गेलो, पण प्रत्येक ठिकाणी काम करणाऱ्या माणसांना बोलावूनच काटा उघडला. दोघांनी तेवढ्यावरून मला परत पाठवलं. त्यांची नावं मी खात्यात कळवून टाकली.

शेठनी नवा काटा घेतला आणि मलाच बोलावलं. जुन्याच रेटला. भावाचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही. काटा लावला, जुळवला, आणि सवयीनं वर उभा राहिलो.

“बहात्तर,” बायका ओरडल्या.

आकडा आला, चौऱ्याहत्तर.

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर, आणि त्यांत आता आधीचा भाबडेपणा नव्हता. बायकोचा शिरा, दुसरं काय. पण ते त्यांना कसं पटवणार? वहिनी पुढे आली आणि म्हणाली, “भाऊ, उतरा. लोखंड ठेवा.” मी मुकाट उतरलो आणि लोखंड ठेवलं. ऐंशी आले, तेव्हा कुठं तिनं मान हलवली.

वीस किलोचं एक वजन मी तिथंच ठेवून आलोय, बायकांच्या डब्यांच्या कोपऱ्यात. संध्याकाळी पहिलं गाठोडं चढायच्या आधी ते चढतं. ते उचलून ठेवते सिंधूवहिनी, त्याच हातांनी. गावाकडचं तेल तिनं भावाच्या पाठीला लावायला सुरुवात केली आहे.

आणि मी एवढं शिकलो. कुठलंही काम सुटलं की हिशेब नंतर, भांडण नंतर. आधी खिशातलं पातं काढायचं आणि आपलं स्टिकर पुरतं खरवडून, कोपऱ्यासकट, घरी घेऊन यायचं.